लेथवरच मिलिंग बसवलं, याचं पेटंट होते का?

शाफ्टवाला_हिंगणघाट

राजेहो नमस्कार, एक गोठ विचाराची होती. हिंगणघाटपासून पंधरा-सोळा किलोमीटरवर माझं वर्कशॉप हाय. टिनाचं शेड, आठ फुटी लेथ एक, ड्रिल एक, वेल्डिंगचे दोन सेट. काम म्हणाल तं जिनिंगचे शाफ्ट, हडंब्याचे (मळणीयंत्राचे) शाफ्ट, रोटावेटर, डाळ मिलचं थोडंफार. मिलिंग मशीन नाही. म्हणजे शाफ्ट लेथवर टर्न कराचा (फिरवून गोल कापाचा) अन चावीच्या गाळ्यासाठी (चावी बसते ती लांब खाच, ती फिरत्या कटरनं म्हणजे मिलिंगनं मारतेत) गाडीवर टाकून बाहेर पाठवाचा, तिथं नंबर लागेपर्यंत दोन दिवस, अन सीझनमंधी जिनिंगवाला इकडे फोनवर फोन करून डोकं खाऊन रायते का शाफ्ट कुठी हाय, शाफ्ट कुठी हाय.

तं म्या लेथवरच मिलिंगचं डोकं बसवलं. आता टर्निंग झालं का जॉब चकातून काढाचा नाही, तिथंच गाळा माराचा. दोन साल झाले चालून रायलं, मधात बदल केले, आता भल्लं मस्त चालते. आमच्या गावचा एक पोट्टा इंजिनीअरिंगले हाय, तो म्हणे काका याचं पेटंट काढा. दुसरा एक जण म्हणे लेथ जुना, मिलिंग जुनं, दोन म्हाताऱ्याचं लग्न लावलं तं पोरगं नवं कसं होईन. दोघातला कोण बरोबर? खर्च किती येते? जानेवारीत तालुक्याले कृषी प्रदर्शन हाय, तिथं मशीन ठेवाचा इचार हाय, त्याच्या आधी समजलं तं बरं होईन.

बुटीबोरीवाला

दादा, मी बुटीबोरीत सीएनसीवर आहे, खोटं बोलून तुम्हाला खूश करत नाही. टर्निंग अन मिलिंग एका मशीनवर ही लय जुनी गोष्ट आहे. ऑस्ट्रियाच्या एम्को कंपनीची मॅक्सिमॅट म्हणून छोटी लेथ यायची, तिच्या हेडस्टॉकच्या (जॉब फिरवणाऱ्या टोकाच्या) मागं खांब अन खांबावर मिलिंगचं डोकं. चायनाच्या थ्री-इन-वन मशीन तर आजही ऑनलाइन विकत मिळतात, लेथ, मिलिंग, ड्रिल सगळं एकात. मोठ्यात गेलं तर माझाकची इंटेग्रेक्स, डब्ल्यूएफएलची मिलटर्न, एकदा जॉब लावला की पूर्ण होऊनच बाहेर. आमच्याकडं साधी टर्निंग सेंटर आहे तिच्यातही टरेटवर (हत्यारं धरणाऱ्या भागावर) लाइव्ह टूल म्हणजे स्वतः फिरणारा कटर आहे, सी ॲक्सिसनं स्पिंडल पाहिजे त्या अंशावर लॉक होतो अन गाळा तिथंच मारता येतो. त्यामुळं "मी लेथ अन मिलिंग एकत्र केलं" म्हणून गेलात तर पहिल्याच फेरीत परत पाठवतील. तुमचं काम भारी आहे, पण पेटंटच्या नादात पैसे घालू नका असं मला वाटतं.

शाफ्टवाला_हिंगणघाट

हे मॅक्सिमॅट का काय ते म्या आत्ता फोनवर पाह्यलं. बरोबर हाय तुमचं, दोन साल पयले म्या जे बनवलं होतं ते असंच होतं, बेडच्या मांगं खांब अन त्यावर डोकं. पण ते जमलं नाही बाप्पा. खांब हाले, चॅटर मारे (कटर थरथरे), अन पाच फुटाचा शाफ्ट मधात लवे. आता जे हाय ते वेगळं हाय पण लिवून सांगणं कठीण हाय, म्या शिकलेला आयटीआय टर्नर. फोटो टाकू का?

कागदवाला_नागपूर

थांबा थांबा थांबा. फोटो टाकू नका. इथं तर अजिबातच नाही. का ते पुढं सांगतो, आधी शब्दात सांगा की आताच्या मशीनमध्ये काय वेगळं आहे, तेही सगळं माप-बिप देऊ नका, फक्त ते केल्यानं काय होतं ते सांगा.

(मी मूळचा देवळीचा, नागपुरात एका पेटंट एजंटच्या ऑफिसात सात वर्षं ड्राफ्टिंग (अर्जाचा मजकूर लिहायचं काम) करतो. स्वतः एजंट नाही, त्यामुळं मी बोलतो तो सल्ला म्हणून फुकट आहे अन फुकटाइतकाच धरायचा.)

शाफ्टवाला_हिंगणघाट

बरं. असं हाय का जिनिंगचा शाफ्ट नवा क्वचितच येते. झिजलेला येते. त्याच्यावर वेल्डिंगचा भर टाकाचा, टर्न कराचा अन मंग नवा गाळा. वेल्डिंगच्या गरमीनं शाफ्ट थोडाबहुत वाकतेच, किती बी सरळ करा पूर्ण सरळ येत नाही. आता ५० च्या शाफ्टाले १४ ची चावी, शाफ्टात खोली साडेपाच एमएम. मिलिंग मशीनवर टेबल सरळ जाते अन शाफ्ट वाकडा, म्हणून गाळा एका टोकाले पाच येते, दुसऱ्याले सहा. गाळा लांब असला, फूट-दीड फूट, तं विचारूच नका. मंग चावी ठोकून बसवतेत अन महिन्याभरात खडखड.

आता म्या जे केलं ते, डोकं खांबावर नाही ठेवलं, शाफ्टाले जे धरते त्याच्यावरच ठेवलं. बस एवढंच सांगतो. त्याच्यानं डोकं शाफ्टासंगं वर-खाली होते. शाफ्ट वाकडा असला तं कटर बी तसाच वाकडा जाते, म्हणून खोली सगळीकडे सारखी येते. डायल लावून पाह्यलं, एमएमच्या पाच-सात शतांशाच्या वर फरक नाही. अन लवत बी नाही कारण जिथं कटर दाबते तिथंच खालून आधार. टर्निंगच्या वक्ती तोच आधार स्टेडीचं (लांब शाफ्ट मधात धरून ठेवते त्याचं) काम करते.

कागदवाला_नागपूर

भाऊ, हे तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये का नाही लिहिलं? लोक नेमकं हेच करतात, जे नवीन आहे ते खिशात ठेवतात अन जे जुनं आहे त्याचं पेटंट मागतात.

आता नीट सांगतो, थोडं लांब होईल.

आपल्या पेटंट कायद्यात, १९७० च्या, कलम ३ मध्ये कशाला पेटंट नाही त्याची यादी आहे. त्यातलं ३(एफ) तुमच्यासाठी लिहिल्यासारखं आहे: माहीत असलेली साधनं नुसती मांडली, मांडणी बदलली किंवा दुप्पट केली अन प्रत्येक साधन आपापलं काम जुन्याच पद्धतीनं, एकमेकाशी संबंध न ठेवता करत असेल, तर तो शोधच नाही. छत्रीला पंखा लावला तर पंखा वारा देतो अन छत्री पाणी अडवते, दोघांची ओळख नाही. तुमचं दोन वर्षांपूर्वीचं खांबवालं मशीन यातच जातं. लेथ टर्न करतो, डोकं मिलिंग करतं, दोघं एका बेडवर बसतात एवढाच संबंध. एसटीत शेजारी बसलेले पॅसेंजर.

इंग्लंडात १८९० चा जुना खटला आहे, विल्यम्स विरुद्ध नाय. एकानं खिमा करायचं मशीन अन सॉसेज भरायचं मशीन जोडून एक केलं. कोर्टानं पेटंट टिकवलं नाही, म्हणाले दोन जुनी मशीनं जवळ आणली, याच्यात शोध काय. युरोपच्या पेटंट ऑफिसात आजही तपासणाऱ्यांना हेच सॉसेजचं उदाहरण देतात.

आपल्याकडचा तर चक्क लेथचाच आहे. विश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज, सुप्रीम कोर्ट, १९७८. मिर्झापूरची पितळी भांडी. भांडं लेथच्या हेडस्टॉकवर लावून घासायचे अन ते कधीकधी सुटून उडायचं, कारागिराला लागायचं. एका कारखान्यानं दुसऱ्या बाजूनं टेलस्टॉकसारखा (लेथच्या समोरच्या टोकाच्या आधारासारखा) दाब देऊन भांडं धरायची सोय केली अन १९५१ चं पेटंट घेतलं. सुप्रीम कोर्टानं ते रद्दच धरलं. म्हणाले टेलस्टॉकनं धरणं कित्येक दशकं माहीत आहे, ही वर्कशॉपमधली सुधारणा झाली, शोध नाही. त्या निकालातलं मुख्य वाक्य आमच्या धंद्यात रोज लागतं: जुन्या गोष्टी एकत्र केल्या तर त्यातून नवा परिणाम, नवी वस्तू किंवा आधीपेक्षा चांगली किंवा स्वस्त वस्तू निघाली पाहिजे, आणि वरून ते त्या धंद्यातल्या जाणकाराला सहज सुचणारं नसावं. लक्षात घ्या, काम सोपं झालं, धोका कमी झाला एवढ्यावर मिर्झापूरवाल्याचं भागलं नाही.

आता तुमचं आजचं मशीन. स्टेडी जुनी, मिलिंगचं डोकं जुनं, लेथ जुना. पण स्टेडी ज्या पृष्ठभागावर टेकते तोच पृष्ठभाग कटरची खोली ठरवतो. म्हणजे स्टेडी आता नुसता आधार नाही, ती मोजमाप झाली. लेथ वेगळा अन मिलिंग वेगळं घेऊन वाकड्या शाफ्टावर सारख्या खोलीचा गाळा येत नाही, दोघांना असं बांधल्यावरच येतो. हा "एकमेकाशी संबंध" आहे. ३(एफ) इथं लागू पडायला अवघड जातं. पेटंट मागायचं तर "लेथ-मिलिंग संयुक्त मशीन" असं नाही मागायचं, त्या जोडणीचं मागायचं.

मिळेलच असं म्हणत नाही. मिळण्यासारखं आहे असं म्हणतो.

बुटीबोरीवाला

मी माझं वाक्य मागं घेतो थोडं. पण एक शंका, जागेवर जाऊन गाळा मारायची पोर्टेबल मशीनं असतात ना, साइटवर मोठ्या शाफ्टाला सरळ शाफ्टावरच क्लॅम्प करतात. ती पण शाफ्टावरच बसतात. मग हे त्याच्यापेक्षा वेगळं कसं?

कागदवाला_नागपूर

बरोबर पकडलं. तपासणारा अधिकारी पण हेच काढेल. तो एका हातात थ्री-इन-वन लेथचा कागद घेईल, दुसऱ्या हातात तुमच्या पोर्टेबल मशीनचा, अन म्हणेल दोन्ही जोडणं कोणत्याही जाणकाराला सुचलं असतं. याला उत्तर लागतं. पोर्टेबलवालं शाफ्टाला आवळून एका जागी बसतं अन त्याचा कटर त्याच्या स्वतःच्या सरळ स्लाइडवर चालतो, म्हणजे तेवढ्या लांबीत पण वाकडेपणा राहतोच. भाऊचं चालता चालता शाफ्टाला चिकटून राहतं. हा फरक आधीच्या कुठल्या कागदात नसेल तर वाद जिंकता येतो. असेल तर घरी जायचं.

म्हणून आधी शोध घ्या. आपल्या पेटंट ऑफिसच्या साइटवर इनपास म्हणून सर्च आहे, फुकट. बाहेरचं म्हणजे युरोपच्या पेटंट ऑफिसचं एस्पासनेट अन गुगल पेटंट्स. नुसतं "लेथ मिलिंग" टाकलं तर हजारोंनी येतील, म्हणून वर्गाचा नंबर टाकून शोधायचं: वेगवेगळी धातूकामं एकाच मशीनवर करायचा वर्ग बी२३पी २३/०२, चावीचे गाळे मारायचा बी२३सी ३/३०, स्टेडीचा बी२३क्यू १/७६. तिसऱ्यात जास्त वेळ घाला. जर्मन-जपानी जुने कागद असतात, भाषा समजत नसली तरी चित्र समजतं, अन टर्नर माणसाला चित्र माझ्यापेक्षा जास्त समजतं.

वरुडकर_७१

मी थोडं कडू बोलतो, राग मानू नका. माझ्या चुलतभावानं पेरणीयंत्राच्या एका भागाचं पेटंट घेतलं होतं. सहा वर्षं लागली. सर्टिफिकेट फ्रेम करून बैठकीत लावलं, गणपतीच्या बाजूला. अन दुसऱ्या वर्षी पलीकडच्या जिल्ह्यातला एक जण सेम टू सेम बनवून विकत होता, दोन हजारानं स्वस्त. वकिलाकडं गेला तर वकील म्हणे दावा जिल्हा कोर्टात टाकता येतो पण तो समोरचा तुमचं पेटंटच खोटं म्हणून उलटा दावा लावेल अन मग प्रकरण हायकोर्टात जाईल. तारखेला नागपूर, जाणं-येणं, फी. भावानं सोडून दिलं. तुम्ही हिंगणघाटात बसून कोणाकोणाच्या मागं पळणार?

त्यापेक्षा चार मशीनं बनवून विका, नाव होऊ द्या.

आयटीआय_मास्तर

वरुडकर म्हणतात ते आजचं नाही. ज्या कापसावर आपलं पोट आहे त्याच कापसाच्या जिनिंगचा इतिहास बघा. अमेरिकेत एली व्हिटनीनं सरकी काढायच्या मशीनचं पेटंट १७९४ मध्ये घेतलं. मशीन इतकं साधं की कोणताही लोहार-सुतार बघून बनवायचा. अन तो अन त्याचा भागीदार मशीन विकायचेच नाहीत, आम्हीच जिनिंग करून देऊ अन कापसातला हिस्सा घेऊ म्हणायचे, मग लोकांनी गावोगाव आपापली बनवली. व्हिटनी वर्षानुवर्षं कोर्टात गेला, कायद्यातल्या शब्दांमुळं हरत राहिला, १८०७ च्या सुमारास त्याच्या बाजूनं निकाल आला तेव्हा पेटंटची मुदत संपतच आली होती.

पण मला याच्यातून "पेटंट घेऊ नका" असं वाटत नाही. माझं म्हणणं, जे बघून बनवता येतं त्याचं रक्षण कठीण असतं अन कागद नसेल तर अशक्य. नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे आठवा. धानाचं वाण स्वतःच्या वावरात निवडून निवडून काढलं, मनगटावरच्या एचएमटी घड्याळावरून त्याला एचएमटी नाव दिलं (म्हणजे हिंदुस्तान मशीन टूल्स, आपल्या लेथवाल्यांचीच कंपनी), देशभर पसरलं, अन माणूस २०१८ मध्ये गेला तोवर हातात फारसं काही नव्हतं. वाण पेटंटमध्ये येत नाही, त्याचा कायदा वेगळा, तो नंतर २००१ ला आला. तरी तारखेसहित कागद हातात असता तर बोलायला जागा राहिली असती. मी विद्यार्थ्यांना सांगतो, वहीत चित्र काढा, तारीख टाका, दोन जणांच्या सह्या घ्या. ऐकत नाहीत पोट्टे.

शाफ्टवाला_हिंगणघाट

मास्तर तुमी म्हणता तशी वही हाय माझ्याकडे, पण त्यात अर्ध्या पानावर उधारी लिवली हाय. चालते का?

वरुडकर भाऊ, तुमचं बी पटते. मले काही कोर्टकचेरी कराची नाही. पण माझ्यावालं कोणी दुसऱ्यानं आपल्या नावावर करून मलेच बंद कराले नको, एवढं पाह्यजे.

कागदवाला भाऊ, तुमी फोटो काहून टाकू नको म्हटलं? कारण आता सांगाचं म्हणजे थोडं झालंच हाय. एक, खांबवाल्या मशीनचा व्हिडिओ यूट्यूबवर हाय, दिवाळीचा. दोन, नवीनवालं एक मशीन साळ्याले देलं हाय आर्वीले, दोन महिने झाले, पैसे अजून घेतले नाही. तीन, माझ्या वर्कशॉपमधल्या पोट्ट्यानं परवा व्हॉट्सॲपले स्टेटस टाकलं, त्यात गाळा मारतानी चिप उडते ते दिसते, मांगं गाणं लावलं हाय.

कागदवाला_नागपूर

उधारीच्या पानावरची तारीख उलट जास्त खरी वाटते. वही ठेवा जपून.

आता एक-एक. आपल्या कायद्यात नवीन म्हणजे जगात कुठंही आधी छापलेलं नाही अन वापरलेलं नाही. आणि "आधी छापलं" यात तुम्ही स्वतः टाकलेलंही येतं. लोकांना वाटतं माझंच आहे, मीच टाकलं, मग काय. तसं नाही. अमेरिकेत स्वतःच्या प्रसिद्धीला एक वर्षाची सूट मिळते, आपल्याकडं तशी सरसकट सूट नाही.

यूट्यूबवाला व्हिडिओ: त्यात जुनं खांबवालंच आहे ना? मग त्याचं तसंही पेटंट नव्हतंच, नुकसान नाही. उलट तुमच्याच विरोधात तो आधीचा कागद म्हणून लागेल, म्हणून अर्जात स्वतःच लिहायचं की आधी असं केलं होतं, त्यात चॅटर यायचा, शाफ्ट लवायचा, म्हणून हे केलं. अडचण सांगितली की शोधाला वजन येतं. काढून टाकायच्या भानगडीत पडू नका, लोकांनी बघितलं ते बघितलं.

स्टेटस: चिप अन गाणं दिसतं अन कड्याची (शाफ्टाला धरणाऱ्या स्टेडीची) रचना दिसत नसेल तर त्यावरून कोणी मशीन बनवू शकत नाही. पण त्या पोराला आजच सांगा.

साळा: इथं माझा जीव अडकला. विकलं असतं तर ते सरळ आधीचा वापर झालं असतं. कलम ३२ मध्ये एक सूट आहे, अर्जाच्या आधीच्या एका वर्षात निव्वळ चाचणीसाठी लोकांसमोर चालवलं अन शोधाचा प्रकारच असा असला की तशी चाचणी गरजेची आहे, तर चालतं. सीझनमध्ये खऱ्या जिनिंगच्या शाफ्टावर दुसऱ्याच्या हातून चालवून बघणं गरजेचं होतं हे म्हणता येईल. पण ही सूट अरुंद आहे, तिच्यावर टेकून झोपायचं नाही. त्याच्याकडून कागदावर लिहून घ्या की चाचणीसाठी ठेवलं, गुप्त ठेवीन, कोणाला उघडून दाखवणार नाही. देलं त्या दिवसाची खरी तारीख लिहा अन सही आजची, मागची तारीख घालून कागद बनवू नका. पावती-बिल काही फाडू नका तोवर.

प्रदर्शन: अर्जाच्या आधी नाही म्हणजे नाही. प्रदर्शनाला सूट आहे पण ती केंद्र सरकारनं राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनालाच. तालुक्याचं त्यात बसत नाही.

तर आता काय करायचं. प्रोव्हिजनल म्हणजे तारीख पकडून ठेवणारा तात्पुरता अर्ज टाका, या हप्त्यात. फॉर्म १ अन फॉर्म २. त्यात दावे (नेमका कशावर हक्क मागतो ते) लिहायची गरज नसते, पण मशीनचं वर्णन अन चित्र नीट पाहिजे, कारण जे लिहिलं त्याचीच तारीख मिळते. "वर्णन थोडक्यात" करून लोक पैसे वाचवतात अन वर्षानं रडतात. कडं कसं, रोलर कसे, डोकं कुठं अडकतं, टर्निंगवरून मिलिंगवर येताना काय फिरवायचं, फीड (कटर पुढं सरकवणं) कुठून, सगळं. मग १२ महिन्यांत पूर्ण अर्ज. त्या १२ महिन्यांत प्रदर्शन करा, विका, यूट्यूबवर टाका, नाचा.

खर्च: एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाचे १६०० रुपये, पोस्टानं कागदी टाकला तर १७५०. तपासणीची विनंती फॉर्म १८, तिचे ४०००, ती आता अर्जाच्या तारखेपासून ३१ महिन्यांत द्यावी लागते, आधी ४८ होते, २०२४ ला बदललं. १८ महिन्यांनी अर्ज जगजाहीर होतो. मंजूर झालं तर तिसऱ्या वर्षापासून दरवर्षीची फी, सुरुवातीला ८००, पुढं चढत जाते. मुदत अर्जापासून २० वर्षं. ही झाली सरकारी फी. एजंटची वेगळी अन ती खरी मोठी असते, आमचंच ऑफिस असलं तरी सांगतो, तीन ठिकाणी विचारा.

अर्ज मुंबई ऑफिसला जातो. नागपुरात सिव्हिल लाइन्सला राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आहे, तिथं अर्ज घेत नाहीत पण प्रशिक्षण असतं. अन गांधीनगरची राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान, एनआयएफ, ही तुमच्यासारख्या कॉलेज-कंपनीच्या बाहेरच्या माणसाच्या शोधाला पेटंटसाठी मदत करते, त्यांना पण लिहून ठेवा.

अन तुमची भीती, दुसऱ्यानं नावावर करून तुम्हाला बंद करणं. ते पेटंट न घेताही अडवता येतं. दुसऱ्याचा अर्ज जाहीर झाल्यावर मंजूर होईपर्यंत कोणीही विरोध दाखल करू शकतं, आधीचा पुरावा लावून. तुमचा अर्ज जाहीर झालेला असला की तोच सगळ्यात मोठा पुरावा. म्हणून वरुडकरांचं म्हणणं अर्धं खरं. कोर्टात पळायला पेटंट कामाचं नसेल कदाचित, पण दार अडवून उभं राहायला कामाचं आहे.

बुटीबोरीवाला

डिझाइन रजिस्ट्रेशन स्वस्त पडतं ना? आमच्या कंपनीनं कव्हरचं केलं होतं.

कागदवाला_नागपूर

स्वस्त आहे, पण ते दिसण्याचं. आकार, नक्षी, ठेवण. कडं गोल ऐवजी चौकोनी केलं की समोरचा मोकळा. चीन, जर्मनीत छोट्या शोधांसाठी युटिलिटी मॉडेल म्हणून हलकं पेटंट असतं, भाऊचं मशीन तिथं आरामात बसलं असतं. आपल्याकडं ते नाही.

शाफ्टवाला_हिंगणघाट

नऊ दिवसानं लिवून रायलो. त्या इंजिनीअरिंगच्या पोट्ट्यानं चित्र काढून देले, तीन रात्री बसला. मास्तरनं सांगतल्यावानी सगळं वहीतून उतरवलं. स्टेडीच्या वर्गातले शंभरेक कागद पाह्यले, एक जर्मन चित्र पाहून पोटात गोळा आला होता, अगदी तसंच कडं, पण नीट पाह्यलं तं त्यात कटर नाही, ग्राइंडिंगचा चाक हाय अन तो बेडवरूनच चालते. त्याचा नंबर बी लिवून ठेवला, कागदवाला भाऊ म्हणे लपवू नका, त्याच्यापेक्षा आपलं कसं वेगळं ते लिवा. प्रोव्हिजनल काल ऑनलाइन गेलं, १६०० कटले, नंबर आला.

फीडचं लिवाचं रायलंच होतं, मिलिंगच्या वक्ती चक लॉक असते म्हणून लीड स्क्रू (कॅरेज म्हणजे सरकता भाग पुढं नेते तो) फिरत नाही, म्या जुन्या जीपची वायपर मोटर लावली हाय कॅरेजले. पोट्टा म्हणे काका हे पेटंटात वायपर मोटर कसं लिवाचं, मंग "कमी वेगाची स्वतंत्र मोटर" लिवलं.

आयटीआय_मास्तर

अभिनंदन. वही मला दाखवायला आणा एकदा, वर्गात दाखवतो. उधारीचं पान झाकून.

वरुडकर_७१

चांगलं झालं. आमच्या संत्रा ग्रेडिंगच्या मशीनचे शाफ्ट येतात दुरुस्तीला, तीन पाठवतो, लांब गाळ्याचे. साळ्याकडून सही घेतली का ते सांगा.

शाफ्टवाला_हिंगणघाट

गेलतो आर्वीले. कागद पाहून म्हणे भाऊजी आता घरातल्या घरात सह्या घेता का. म्या म्हटलं पयले सही, मंग जेवण. केली. निंघतानी म्हणे, ते वायपर मोटर जयली परवा, दुसरी पाठवजा.